वळीव एप्रिलमध्ये येतो, निधी जुलैत: सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात वळवाचा पाऊस अर्धा तास कोसळतो, वीज जाते आणि शहराची पाण्याची पाळी एका दिवसाने पुढे जाते. वीज गेली की अंधार आणि उकाडा लोक सहन करतात. पण चार-पाच दिवसांआड येणारे पाणी आणखी लांबले की झोपडपट्टीतल्या आणि विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) बाईच्या घरात प्यायलाही पाणी उरत नाही. म्हणून हे पत्र आधी पाण्याविषयी आहे, विजेविषयी नंतर.

उजनीहून सुमारे 110 किलोमीटर अंतर कापून येणारे पाणी काय किंवा टाकळीहून भीमेतून उपसलेले पाणी काय, दोन्ही पंपांवर अवलंबून. वीज अचानक गेली की पंप थांबतो, पण पाइपातले पाणी लगेच थांबत नाही. ते मागे फिरून धक्का देते. या धक्क्याने जोड उखडतात, पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी होतो. चढावरचा भाग रिकामा होऊन तिथे हवा शिरते. वीज परत आल्यावर सगळे पंप एकदम चालू करता येत नाहीत. एक पंप लावायचा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ द्यायची आणि मगच दुसरा पंप. एवढ्या लांब लाइनला पुन्हा पूर्ण दाबाने वाहायला कित्येक तास लागतात. तोवर टाक्या भरत नाहीत आणि रात्री ज्यांची पाळी होती त्यांचे पाणी दुसऱ्या दिवसावर जाते. म्हणजे वीस मिनिटांचा बिघाडही इथे वीस मिनिटांचा राहत नाही.

हा बिघाड होतो कशामुळे? दरवेळी वादळाकडे बोट दाखवणे बरोबर नाही. मार्च ते मे या काळात तारेला खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धुळीचा थर बसतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तापलेल्या इन्सुलेटरवर पहिल्या पावसाचे गार पाणी पडले की बारीक तडे जातात, आणि ओल्या धुळीवरून वीज खांबात उतरते. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली वीजवाहिनी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. खालून पाहणाऱ्याला काहीच तुटलेले दिसत नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो. दुसरे कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या (वीज जमिनीत उतरवणाऱ्या) खड्ड्यातला ओलावा संपतो आणि आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणारा खांबावरचा लाइटनिंग अरेस्टर असून नसल्यासारखा होतो. तीच माती भिजली की फुगते आणि खांब कलतो. 9 मीटरचा खांब दीड मीटर गाडला तरी बुडाशी काँक्रीट नसेल तर काळ्या मातीत तो सरळ राहत नाही. बाकी राहिली झाडे, घरांवरचे सुटे पत्रे आणि चौकाचौकांतले फ्लेक्स. गुलमोहर आणि सुबाभूळ आधी पडतात. त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घालताना किंवा ड्रेनेज खोदताना ज्यांची मुळे तोडली गेली, ती झाडे हमखास पडतात.

यातले बहुतेक काम वादळाआधी, कमी खर्चात होण्यासारखे आहे. अडचण पैशाची आहेच, पण त्याहून मोठी वेळेची आहे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. निधी वितरित होऊन, निविदा निघून, कार्यादेश हातात पडेपर्यंत जून-जुलै उजाडतो. वळीव मात्र एप्रिल-मेमध्ये येऊन जातो. मग छाटणीचा पैसा पडलेली झाडे उचलण्यात जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. महापालिका आणि महावितरण या दोघांना एका टेबलावर बसवू शकेल असे पद जिल्ह्यात आपलेच. म्हणून पहिली मागणी: वादळपूर्व कामांचे कार्यादेश डिसेंबरअखेर निघावेत आणि 15 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात काम पुरे व्हावे. छाटणीचा दरकरार एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा केला तर एप्रिलमधली पोकळी उरणार नाही. झाडांच्या 1975 च्या अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी एकेका झाडासाठी न मागता फीडरनिहाय यादी करून एकदाच घ्यावी.

छाटणी आणि लाइनची दुरुस्ती एकाच शटडाऊनमध्ये व्हायला हवी. लाइन एकदा बंद केली, दोन्ही बाजूंना जमिनीशी जोडली (अर्थ केली) की एक टोळी फांद्या काढेल, दुसरी तडकलेले इन्सुलेटर बदलून पॉलिमरचे बसवेल, सैल जंपर (तारा जोडणारे तुकडे) आणि क्लॅम्प आवळेल, गंजलेले एबी स्विच (लाइनचे तुकडे वेगळे करणारे खांबावरचे स्विच) उघडझाप करून ग्रीस लावेल. या स्विचांना कमी लेखू नये. फीडर ट्रिप झाल्यावर मधला स्विच उघडून अर्धी लाइन चार्ज करून पाहतात. टिकली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर अलीकडे. तीन-चार चाचण्यांत बिघाड एका तुकड्यात सापडतो आणि बाकीच्यांची वीज परत येते. स्विच गंजून अडकला असेल तर अख्खी लाइन अंधारात पायी तपासावी लागते. फांदी कापताना ती खोडाशी मिळते त्या गाठीच्या बाहेर कापावी. शेंडाच उडवला तर तिथून कमकुवत फुटवे येतात आणि दोन वर्षांत तेच तारेवर झुकतात. कापलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात, नाही तर त्या नाल्यात जातात.

जनरेटरची मागणी सगळेच करतात. हिशोब असा आहे. 100 अश्वशक्तीचा पंप सुमारे 80 किलोवॅट घेतो. पंप हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर असेल तर 160 केव्हीए क्षमतेचा संच पुरतो, थेट स्टार्टरवर जवळपास दुप्पट मोठा लागतो. डिझेल तासाला 20 ते 22 लिटर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. शहरातल्या, दाब वाढवणाऱ्या बूस्टर पंपांसाठी हे परवडते. उजनी आणि टाकळीच्या मोठ्या पंपांसाठी नाही. तिथे वेगळ्या उपकेंद्रातून येणारा दुसरा फीडरच हवा. दोन्ही फीडर एकाच खांबांवरून आणले तर खर्च वाया गेला म्हणून समजा. घेतलेला जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास प्रत्यक्ष भारावर चालवावा. ऐन वेळी तो बंद पडतो बहुधा मेलेल्या बॅटरीमुळे. आणि एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचशिवाय एकही संच जोडू देऊ नये, कारण उलटी गेलेली वीज खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेते.

आठही झोन कार्यालयांत किमान दोन पेट्रोल करवती, जादा साखळ्या, दोर, हेल्मेट आणि शिकलेली चार माणसे 1 एप्रिलपूर्वी तयार असावीत. महापालिकेच्या दवाखान्यांत लसींचे आइसलाइन्ड (बर्फाचे अस्तर असलेले) फ्रीज आहेत. वीज गेल्यावर त्यांचे दार उघडू नये, एवढी सूचना मराठी आणि तेलुगूत लावली तरी पुष्कळ लस वाचेल. या सूचनेला खर्चही नाही.

गारपीट किंवा पूर यांसारख्या अधिसूचित आपत्तीत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून 11 केव्हीपर्यंतचे खांब, तारा आणि रोहित्रे यांची तातडीची दुरुस्ती होऊ शकते. त्यासाठी पुरावा लागतो. दुरुस्तीच्या घाईत पडलेला खांब उचलला जातो आणि पंचनाम्याला काही उरत नाही. प्रत्येक लाइनमनने उचलण्याआधी खांब क्रमांकासह फोटो काढावा, इतका साधा आदेश निघाला तरी चालेल.

पैसा कमी पडला तर क्रम चुकू नये. आधी पंपगृहांचे फीडर, मग सिव्हिल हॉस्पिटलचा, मग यंत्रमाग भागातले. भूमिगत केबल शेवटी. ती कित्येक पट महाग आहे आणि बिघडली तर दोष शोधायला यंत्र बसवलेली खास गाडी लागते. नव्या रोहित्रांसाठी निधी मागितला जातो तेव्हा जुन्या फीडरच्या देखभालीचे काय झाले, हे समितीच्या बैठकीत आधी विचारावे.

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पंपगृहांना वीज देणाऱ्या प्रत्येक फीडरवर गेल्या वर्षभरात किती वेळा, किती मिनिटे वीज गेली याचा तक्ता महावितरणकडून मागवावा. उपकेंद्रांच्या लॉगशीटमध्ये ही नोंद असते. तो तक्ता महापालिकेच्या पाणी पुढे ढकलल्याच्या तारखांशेजारी ठेवला की पहिला रुपया कुठे खर्च करायचा ते दिसेल.

कळावे,
आपले,
सोलापुरातील वीज आणि पाणीपुरवठ्याचे काम जाणणारे काही नागरिक

प्रत: मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, मा. अधीक्षक अभियंता, महावितरण, सोलापूर