चि. गौरीस, एप्रिलअखेर

फलटण, २९ एप्रिल

चि. गौरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज काल रात्री निवांत वाचला. निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं, यू-डायसची (शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, पोषण आहाराचा हिशेब, ग्रुपवर ‘आजच्या आज’ म्हणून येऊन पडणारे तक्ते; आणि या सगळ्यात वाचता न येणाऱ्या पोरांना जवळ घेऊन बसायला वेळ उरत नाही, असं तू लिहिलंस. ‘आई, मी शिक्षक म्हणून लागले की कारकून म्हणून?’ असंही विचारलंस. तुझं म्हणणं पुष्कळसं खरं आहे. एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावतात, त्यात पोरांचं काही भलं होत नाही. पण त्या यादीच्या शेवटी तू दाखले आणि जनरल रजिस्टरही, म्हणजे प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख लिहायची ती वही, टाकलंस. तेवढं त्यातून बाहेर काढ. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आजचा आमच्या ऑफिसचा दिवस सांगते. सकाळची शाळा, सातला. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल, त्यामुळे सगळी निकालपत्रकं उद्या मुख्याध्यापकांच्या सहीला जायला हवीत. नववीच्या एका तुकडीची वर्षाच्या हजेरीची बेरीज जुळेना. वर्गशिक्षिका आणि मी महिनेच्या महिने मागे गेलो तेव्हा फरक सप्टेंबरात सापडला. पाचवी-आठवीत जे राहिले त्यांची पुनर्परीक्षेची यादी वेगळी करायची होती. मे अखेरीला निवृत्त होणाऱ्या सरांचं सेवापुस्तक टेबलावर उघडंच होतं, रजेचा हिशेब अर्धा राहिलेला. खिडकीपाशी बोनाफाईडवाली पोरं. त्यात दहा वाजता लाईट गेली आणि प्रिंटर बंद.

तेवढ्यात एक आजोबा आले. पंचाहत्तरीच्या आसपासचे, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. नातीला इंजिनिअरिंगला घालायचंय, जातपडताळणीला जुना पुरावा हवा. ‘मॅडम, घावंल का ओ माझं नाव? मी हितंच होतो पाचवीला.’ ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. अशा घरात जन्मदाखला बहुतेक नसतो, जमीन असलीच तर सातबाऱ्यावर जात नसते. मग उरतं काय? शाळेचं रजिस्टर.

शिपाईमामांनी कपाटातून १९६० नंतरचं रजिस्टर काढलं. कापडी बांधणी, पानांच्या कडा कुरतडलेल्या, हात लावला की भुगा पडतो. जून १९६२ चे प्रवेश काढले आणि पट्टी लावून एकेक ओळ खाली गेलो. नाव सापडलं. जातीचा रकाना स्वच्छ होता. जन्मतारखेचे आकडे मात्र ओल येऊन पसरले होते. साल ४९ आहे की ४७, काही केल्या कळेना. पण त्या वेळच्या लिपिकाने खाली तारीख अक्षरी लिहिली होती, ‘एकोणीसशे एकोणपन्नास’. टाक दौतीत बुडवून, सावकाश, एकही अक्षर न जोडता. आजोबांनी बोट कागदाच्या वर धरलं, टेकवलं नाही, आणि आपल्या वडिलांचं नाव दोनदा वाचलं. शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, ‘घरकाम’. ते म्हणाले, ‘बैलं राखाया लावली मला.’ मग गप्प झाले.

तो लिपिक कोण होता, मला माहीत नाही. त्याच्याही टेबलावर जूनच्या त्या दिवशी गर्दीच असणार. चौसष्ट वर्षांनी एका मुलीचं ॲडमिशन आपल्या अक्षरावर ठरेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. त्याने अक्षरी तारीख लिहिण्याचा कंटाळा केला असता, तर आज मी त्या माणसाला काय सांगितलं असतं? रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा तयार करून दिला. त्यासाठी बाकीची कामं मागे पडली, दुपारी एकला घरी जायचं ते साडेतीन झाले. मला त्याचं काही वाटलं नाही.

आता तुझ्याबद्दल. आमच्याकडे निदान ऑफिस आहे, दोन लिपिक आहेत. तुमची मोखाड्याची द्विशिक्षकी शाळा; तिथे लिपिक नाही, शिपाई नाही. म्हणजे रजिस्टरमधलं अक्षर तुझंच राहणार. तुझ्या वर्गात वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतली पोरं आहेत. नुसतं ‘कोळी’ लिहून पुढे जाऊ नकोस. महादेव कोळी असतील आणि कागदावर तसं असेल, तर पूर्ण लिही. अर्धवट नोंदीपायी माणसं जातपडताळणी समितीच्या दारात वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. आणि शेजारच्याने सांगितलं म्हणून कधीच लिहू नकोस. बापाचा, काकाचा दाखला मागून बघ.

जन्मतारखेचंही तेच. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून, कारण गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने तारीख टाकली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता आहे. अंगणवाडीत विचार, उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे लसीकरणाचं कार्ड असतं, ग्रामपंचायतीत जन्मनोंद असते. पाय झिजव थोडे. पोर शाळा सोडून गेलं की नोंद सहजासहजी बदलता येत नाही आणि मग बहुतेकांना चुकलेल्या तारखेवरच सगळं आयुष्य काढावं लागतं. खाडाखोड नको, व्हाईटनर तर नकोच. चुकलंच तर लाल शाईने एक आडवी रेघ, वर बरोबर नोंद आणि मुख्याध्यापकांची सही.

नावांकडे डोळ्यांत तेल घालून बघ. आधारवर एक आणि रजिस्टरला दुसरं असलं की ‘अपार’ (विद्यार्थ्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक) अडकतं, हे तू अनुभवतेच आहेस. पोरांच्या नावात आता वडिलांच्या आधी आईचं नाव येतं.  आज एक बाई मुलीचा दाखला न्यायला आली होती. कागद हातात घेऊन तिने आधी स्वतःचं नाव शोधलं. ‘माझं पण आलंय व्हय,’ म्हणाली. मुलीला जवळ घेऊन दाखवलं. अशा वेळी घाई करून पुढच्याला हाक मारवत नाही गं.

वीटभट्टीवर गेलेल्या तुझ्या पोरांचं विसरू नकोस. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे गेलेली घरं पावसाआधी परत येतील. त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतंस ना? ज्या शाळेत ती मधले महिने बसली तिथली हजेरी मागवून घे. कुणी दुसऱ्या गावी राहणार असेल तर दाखला ताबडतोब दे, कायदा तसंच सांगतो. आणि कुणी तुझ्याकडे दाखल्याविना आलं तर आधी वर्गात बसव, कागद मागून येऊ दे. शिक्षण हक्क कायद्याने त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

बाकीच्या तक्त्यांवर तू चिड, भांड, संघटनेत बोल. मी तुझ्या बाजूने आहे. पोरांना शिकवायचा वेळ कुणी खाल्लेला मला चालणार नाही. अठरा-वीस पोरांचं रजिस्टर मात्र एका दुपारी, दार लावून, मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण कर. काळ्या शाईचं पेन घे, जेलचं नको, ओल आली की उतरतं.

निकाल वाटून झाला की ३ तारखेला निघ. कसाऱ्यापर्यंत जीपने आलीस की पुढे रेल्वेने कल्याण गाठ, तिथून पुण्याची गाडी मिळेल. पप्पा स्टँडवर न्यायला येतील. येताना तुमच्या शाळेच्या रजिस्टरच्या पहिल्या काही पानांचे फोटो काढून आण, रकाने कसे भरलेत ते आपण दोघी बसून बघू. आमरसाला केशर पायरी सांगून ठेवलीय.

तुझी,
आई