अगत्तीचे तिकीट आधी की परवाना आधी?

माननीय संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सध्या घरोघरी आखले जात आहेत आणि आपल्या शहरातील सहल कंपन्यांच्या जाहिरातींत लक्षद्वीपचे नाव ठळकपणे दिसू लागले आहे. जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या भेटीनंतर या बेटांविषयीचे कुतूहल देशभर वाढले. त्याच वर्षी बेंगळुरू आणि गोव्याहून अगत्तीसाठी, म्हणजे विमानतळ असलेल्या लक्षद्वीपच्या बेटासाठी, विमाने सुरू झाली. नाशिकच्या ओझर विमानतळावरूनही या दोन्ही ठिकाणी थेट विमान मिळू लागल्याने नाशिककरांना हा प्रवास एकदम आवाक्यात आल्यासारखा वाटतो, आणि ही निश्चितच आनंदाची गोष्ट आहे. मात्र या सहलीची आखणी ज्या क्रमाने व्हायला हवी त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती आपल्याकडे केली जाते, आणि त्यात लोकांचे पैसे व सुट्टी दोन्ही वाया जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

लक्षद्वीपला जाणे हे गोव्याला किंवा केरळला जाण्यासारखे नाही. १९६७ च्या नियमांनुसार बेटांबाहेरच्या भारतीय नागरिकालाही, काही सरकारी कर्मचारी वगळता, तेथे पाऊल ठेवण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, आणि त्या परवान्यावर कोणत्या बेटांवर जाता येईल हेही लिहिलेले असते. अर्ज लक्षद्वीप प्रशासनाकडे ऑनलाइन करता येतो. गरजेनुसार पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, जे शहरात राहणाऱ्यांना पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतून, तर निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीकडील मंडळींना ग्रामीण पोलिसांकडून घ्यावे लागेल. म्हणजे आधी मुक्कामाची लेखी निश्चिती, मग परवाना आणि त्यानंतर तिकीट, असा हा सरळ क्रम आहे. प्रत्यक्षात सवलतीच्या भाड्याची मुदत संपते आहे असे सांगून तिकीट सर्वांत आधी काढले जाते, आणि स्वस्त तिकिटावरचा परतावा किती तुटपुंजा असतो हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आमच्या वसाहतीतील एका ज्येष्ठ दांपत्याच्या बाबतीत गेल्या हंगामात हेच घडले. ओझर ते बेंगळुरू आणि तेथून अगत्ती अशी दोन्ही तिकिटे, शिवाय निवासाची पावती त्यांच्या हाती होती. परंतु प्रवास आठवड्यावर आला तरी परवान्याचा अर्ज दाखलच झालेला नव्हता. चौकशी केल्यावर कळले की काकूंच्या आधार कार्डावर आडनाव, नाव आणि पतीचे नाव असा क्रम होता, पॅन कार्डावर माहेरचे नाव होते आणि तिकिटावर मधले नाव गाळून तिसराच मजकूर छापला गेला होता. या तीन कागदांवरची नावे जुळल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना, आणि ती जुळवण्याची जबाबदारी कोणाची, हे सहल कंपनीने कोठेही लिहून दिलेले नव्हते. अखेर सहल रद्द झाली. आपल्याकडे नावे लिहिण्याची पद्धत अशी आहे की हा प्रसंग कोणत्याही मराठी घरात येऊ शकतो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे आधार कार्ड टेबलावर ठेवून, त्यावरील अक्षर न् अक्षर तिकिटाच्या अर्जात उतरवावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

दुसरी बाब विमानांची. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची आहे. आपल्या ओझरची ३००० मीटर आहे, यावरून फरक ध्यानात यावा. त्यामुळे मोठी जेट विमाने तेथे उतरत नाहीत, एटीआरसारखी पंख्यांची लहान विमानेच जातात, आणि तीही आखूड धावपट्टीमुळे वजनाचे गणित काटेकोरपणे सांभाळून. कोचीहून हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर, म्हणजे साधारण दीड तासाचे उड्डाण. या लहान विमानातील सामानाची मर्यादा पहिल्या विमानापेक्षा कमी असू शकते. दिवाळीच्या फराळाचे डबे आणि चिवड्याची पाकिटे भरून निघणाऱ्या कुटुंबाने दोन्ही विमानांची मर्यादा तपासून, त्यातली जी कमी असेल तिच्यानुसारच बॅग भरावी.

याहून महत्त्वाचा मुद्दा दोन तिकिटांमधील दुव्याचा आहे. ओझरचे विमान एका कंपनीचे आणि अगत्तीचे दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले तरी दुसऱ्या कंपनीवर कसलेही बंधन राहत नाही. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तेव्हाच त्या पुढील विमानाची जबाबदारी विमान कंपनीकडे येते. त्यातच गोव्यामार्गे जाणाऱ्यांनी दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे विमानतळ आहेत, एक दक्षिणेकडे आणि एक उत्तरेला पेडण्यात, हे विसरू नये. जाताना मधल्या शहरात एक रात्र आणि परतताना आणखी एक दिवस हाताशी ठेवणे खर्चिक वाटले तरी तोच शहाणपणाचा खर्च आहे, विशेषतः बंगारामसारख्या बेटावरून आधी बोटीने अगत्तीला यायचे असेल तेव्हा. ज्यांच्याकडे सवड आहे त्यांच्यासाठी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट एर्नाकुलमला नेते. एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, पण कोचीला विश्रांती घेऊन पुढचे विमान किंवा जहाज निर्धास्तपणे पकडता येते. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असल्याने हा बेत टाळावा.

परवान्याचा जाच कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. वस्ती असलेली दहा बेटे आणि सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, त्यावर २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून अधिक माणसे, आणि त्यांतील बहुसंख्य अनुसूचित जमातींची, हे चित्र पाहिल्यावर उत्तर मिळते. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हाच विहिरींचा आधार आहे. तो पुरत नाही म्हणून लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला. तेथे पर्यटकाने वापरलेली प्रत्येक बादली कोणाच्या तरी वाट्याची असते. प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि बंगाराम वगळता सर्वत्र दारूबंदी आहे. या गोष्टी जाहिरातीतील निळ्या पाण्याच्या छायाचित्राखाली बारीक अक्षरांतही छापलेल्या दिसत नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. शहरातील सहल कंपन्यांनी अगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी परवाना कोण काढणार, त्यासाठी कोणती कागदपत्रे कधीपर्यंत लागतील आणि परवाना न मिळाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे मराठीत एका कागदावर लिहून, सही करून द्यावे. जिल्ह्यातील सहल व्यावसायिकांच्या संघटनांनी एकत्र बसून असा एकच नमुना ठरवला तर ते आणखी चांगले. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत दर हंगामात बेटांवरच्या सहलींच्या जाहिराती येतात. त्याच पानावर परवान्याचा हा क्रम एका चौकटीत छापावा, आणि तो दिवाळीच्या आरक्षणाची गर्दी सुरू होण्यापूर्वी छापला जावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक