शेळ्या दिवाळीनंतर आण

म्हापसा, १४ मे

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. शमाचं बाळ रडत होतं हे खरं, पण त्यासाठी नाही ठेवला. पंचवीस शेळ्यांचा विसार देऊन बसलास आणि मला कळलं काकाकडून. शेळ्या पाळायला माझा विरोध नाही. आपल्या सत्तरी तालुक्यात जूनच्या तोंडावर घाटावरचा टेंपो उतरवायला आहे.

बाजारातलं जनावर प्रवासाने दमलेलं असतं, चार गावच्या शेळ्यांना घासून आलेलं असतं. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा साथीचा रोग, अंगात असला तरी पहिले चार-पाच दिवस कळत नाही. मग ताप, नाक गळणं, तोंडात फोड, हगवण, आणि ओल्या हवेत त्यावर न्यूमोनिया. म्हणून नवीन शेळी तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची. ठेवणार कुठे? आप्पांची नारळाची खोली सांगू नकोस, तिची भुई चतुर्थीपर्यंत सुकत नाही.

पावसाचं एवढंच. आता कामाचं लिहिते.

दहा माद्या आणि एक बोकड पुरे. कोकण कन्याळ बघ, सिंधुदुर्गातली जात, आपल्यासारख्याच पावसात वाढलेली. तू व्हिडिओत दाखवलेली सिरोही दिसायला देखणी, पण ती राजस्थानच्या कोरड्या मुलखातली. माद्या दोन किंवा चार दाती, म्हणजे दुधाचे पडून तेवढे मोठे दात आलेल्या, शक्यतो एकदा व्यालेल्या घे. खालची पापणी ओढून बघ, आतून पांढरट असेल तर जंतांनी रक्त शोषलंय, सोडून दे. बोकड दुसऱ्या कळपातला हवा आणि दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर स्वतःच्याच पाटी, म्हणजे पोरी, फळवील.

गोठा जमिनीवर नको, मचाणाचा कर. खाली चिऱ्याचे खांब साडेतीन-चार फूट, म्हणजे वाकून लेंड्या ओढता येतील. खत म्हणून त्या कुळागराला, आपल्या पोफळीच्या बागेला, सोन्यासारख्या. वर पोफळीच्या रिपा, दोन रिपांत दीड सेंटीमीटर फट. जास्त ठेवलीस तर खूर अडकून पाय मोडतो, कमी ठेवलीस तर लेंडी अडकते आणि मूत साचून खूर सडतात. करडांच्या कप्प्यात एकच सेंटीमीटर. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट, बोकडाला वीस आणि वेगळा कप्पा. झड येते त्या बाजूला पत्रा तीन फूट पुढे काढ, पण भिंती वरपर्यंत बंद करू नकोस. मुताच्या वाफेने कोंडलेल्या गोठ्यात शेळ्या पावसात भिजल्याइतक्याच खोकतात.

बघ, पुन्हा पावसावरच आले.

पावसाळी गवत म्हणजे बहुतेक पाणीच, वर पानाच्या टोकाला जंतांची पिल्लं. दव सुकल्याशिवाय चरायला सोडायचं नाही. कापलेला चारा अर्धा दिवस सुकवून टांगायचा, पायाखाली तुडवलेलं शेळी तोंडात घेत नाही. फणसाचा पाला, गिरीपुष्प, दशरथ घास घाल. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, केस गळतात. एका शेळीला दिवसाला साडेतीन-चार किलो हिरवं, अर्धा-पाऊण किलो सुकं, दोनशे ग्रॅम खुराक. भाताचा पेंढा ती हौसेने खात नाही. काजूचे बोंडू आणि शिजलेला भात मात्र आवडीने खाते, आणि तेच पोटात आंबून एका रात्रीत मारतं. काजूच्या नव्या कलमांना आधी कुंपण घाल.

आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, लस पावसाआधी, पंधरा-वीस दिवसांनी दुसरा डोस. पीपीआरची तीन वर्षांतून एकदा. जंतांचं औषध वजन करून द्यायचं, अंदाजाने कमी पडलं तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. बोकड मे-जूनात लावलास तर दीडशे दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात करडं येतील आणि कोरड्या हवेत वाढतील. जन्मल्यावर नाळेला आयोडीन, तासाभरात चीक. विक्री ठरवताना श्रावण लक्षात ठेव, चतुर्थीपर्यंत आपल्याकडे किती घरांत मटण शिजतं?

फार शिकवलं. रागावू नको. आजीच्या त्या करडाला बाटलीने वाढवलंस तेव्हा सातवीत होतास, परीक्षा असून रात्री तीनदा उठायचास. जनावराचा हात तुला आहे, हे मी शमाच्या सासूलाही सांगितलं. भीती तुझी नाही. एकाच आठवड्यात सहा-सात मेल्या की माणूस कितीही चांगला असो, धंदा सोडून बोटीवर नोकरीला जातो. विनूचं बघितलंस ना?

म्हणून गोठा आत्ताच बांध आणि यंदाचा पावसाळा रिकामाच उभा राहू दे. कुठे गळतं, झड कुठवर येते, पाणी कुठे तुंबतं, सगळं दिसेल. पोफळी या आठवड्यातच पाड, जूनपर्यंत रिपा सुकल्या पाहिजेत. विसार बुडाला तर बुडू दे, मी भरीन.

बाळ तीन किलोचं आहे, शमा बरी आहे. मी पंधरा दिवसांनी येते. अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, सुक्या वेलांची गंजी झाकलीस का, ते फोन करून सांग. मी उचलीन.

तुझी,
आई