ब्रंचमधली भाकरी तव्यावरूनच वाढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘रविवारी अकरा ते साडेतीन, एका दरात हवे तेवढे’ असे ब्रंचचे फलक आता छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच नव्हे, तर सिडको-गारखेड्यातही दिसतात. पास्ता आणि पॅनकेकच्या शेजारी भाकरी, धपाटे, सुशीला, येसर आमटी यांचे ‘मराठवाडी काउंटर’ मांडले जाते. कल्पना उत्तम आहे. पण बहुतेक ठिकाणी हे सगळे पदार्थ पनीरच्या भाजीसारखे चेफिंग डिशमध्ये, म्हणजे खालून आच देऊन अन्न गरम ठेवणाऱ्या भांड्यात, झाकून ठेवतात आणि पाहुणे एक घास खाऊन पास्त्याकडे वळतात. मग व्यवस्थापक म्हणतात, ‘आपले पदार्थ चालत नाहीत.’ साडेचार तास झाकून ठेवल्यावर ते चालतील कसे?

भाकरीचेच बघा. ज्वारीत गव्हासारखे चिकट प्रथिन नसते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि त्याच्या आधाराने भाकरी थापली जाते. भाकरी गार झाली की तोच स्टार्च आवळतो आणि ती चिवट होते. झाकली तर वाफेचे पाणी झाकणावरून गळून ती ओली होते, उघडी ठेवली तर कडा वळतात. म्हणून भाकरीला तवाच हवा. दळण आठ-दहा दिवसांच्या आतले असावे. शिळ्या पिठाला विरी (चिकटपणा) राहत नाही, थापताना कडेला चिरा पडतात. परातीत दोन-तीन भाकरींपुरतेच पीठ मळावे. एक बाई दोन तवे सांभाळून तासाला पस्तीसेक भाकरी सहज काढते. खरी गर्दी साडेबारा ते दोन एवढीच असते. समोर इतर पदार्थही असतात, त्यामुळे भाकरीचे चतकोर करून टोपलीत सुती कापडावर ठेवले, तर शंभर पाहुण्यांना पन्नास भाकरी पुरतात. अख्खी भाकरी ताटात पडली की अर्धी कचऱ्यात जाते, हे भांडी घासणाऱ्यांना विचारा.

सुशीला आणखी नाजूक. मुरमुरे भिजवून पिळले, फोडणीत परतले, वर डाळव्याचे पीठ भुरभुरले की पंधरा-वीस मिनिटांत खाऊन टाकायचे. त्यानंतर त्याचा गोळा होतो. कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद यांची फोडणी मात्र आधी करून ठेवता येते. मुरमुरे मागणी आली की भिजवावेत. एका प्लेटला पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे किलोभर मुरमुऱ्यांत सतरा-अठरा प्लेटी होतात. काउंटरवर एक कढई आणि एक माणूस एवढाच खर्च.

धपाटे त्या मानाने सोशिक, कारण त्यात गहू आणि बेसन असते. अर्धा तास कापडात मऊ राहतात. येसर आमटी आचेवर घट्ट होत जाते, कारण येसरात भाजलेल्या धान्या-डाळींचे पीठ असते. ती सैल करताना उकळते पाणी घालावे आणि तळापासून ढवळावे. गार पाणी ओतले तर चवही जाते आणि आमटीचे तापमानही उतरते.

थांबायला खरा तयार पदार्थ म्हणजे आपल्या शहराचा नान-खलिया, नानबरोबर खायचा मटणाचा रस्सा. तुघलकाच्या लष्कराबरोबर तो इथे आला असे सांगतात. ते काहीही असो, मंद आचेवर तासन् तास शिजलेला रस्सा दुपारपर्यंत बिघडत नाही, उलट मुरतो. तरीही बऱ्याच ब्रंचमध्ये तो नसतो आणि बटर चिकन असते. हे आम्हाला कळलेले नाही.

चेफिंग डिशबद्दलही सांगायला हवे. ती अन्न गरम ठेवते, गरम करत नाही. कोमट भाजी तिच्यात ओतून खाली जेल-इंधनाचा डबा पेटवला, तर ती भाजी जंतूंना हव्या त्याच तापमानात तासभर बसते. आधी खालच्या भांड्यात उकळते पाणी घालावे, मग वाफाळती भाजी. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली हा नियम आहे. तो पाळायला खुपसायचा थर्मामीटर लागतो, हाताचा अंदाज चालत नाही. अडीच इंच खोल असे पूर्ण आकाराचे भांडे साधारण नऊ लिटरचे असते. त्याऐवजी चार लिटरचे अर्ध्या आकाराचे भांडे लावून ते बदलत राहावे. सर्वांत वाईट सवय म्हणजे उरलेल्यावर ताजे ओतणे. त्यात सकाळचा तळ दुपारी साडेतीनपर्यंत तसाच राहतो. भाताच्या बाबतीत हे धोक्याचे आहे, कारण त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढू लागतात. ऑम्लेटसाठी पातेलेभर अंडी फोडून काउंटरवर ठेवणेही तसेच. मे महिन्यात एसी हॉलमध्येसुद्धा तव्याशेजारी ती तापतात. दहा-बारा अंड्यांपुरतेच फोडावे आणि भांडे बर्फात ठेवावे.

फळांत किवी आणि ड्रॅगन फ्रूट कशाला? जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. मोसंबीचा रस मात्र जगमध्ये भरून ठेवू नये. काढल्यावर थोड्या वेळाने तो कडवट होत जातो, आणि बिया चिरडल्या असतील तर जास्तच. समोर काढून द्यावा.

उपाहारगृहांना एक सुचवावेसे वाटते: फलकावर ‘तव्यावरची भाकरी साडेबारा ते दोन’ असे स्पष्ट लिहा. दोननंतर सुशीला-धपाट्यांचे काउंटर बंद करा. पाहुणे रागावत नाहीत.

आणि दराचे. समजा, ब्रंचचा दर ६९९ रुपये आहे. अधिक ५ टक्के जीएसटी म्हणजे ७३४ रुपये होतात. त्यात आधी १० टक्के सेवाशुल्क जोडले, तर तेच बिल ८०७ वर जाते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे शुल्क बिलात परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. पाहुण्यांनी ते काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

– उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत काम करणारे काही आचारी,
छत्रपती संभाजीनगर