मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे मनही तपासा

महोदय,

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हटले की पायांतला अशक्तपणा, अंधुक दृष्टी आणि जाणारा तोल एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते, आणि भावनांचे मार्गही त्यातून सुटत नाहीत, हे मात्र घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण हातात घेतानाच तिला रडू कोसळले. "ताई, मला वाईट वाटत नाहीये गं, पण आवरतच नाही," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि जमलेल्या बायका 'मन घट्ट कर' म्हणून तिची समजूत घालत होत्या. हा मेंदूतील बिघाडाचा परिणाम असून त्यावर औषध आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. नैराश्य तर याहून अधिक आढळते. जवळजवळ निम्म्या रुग्णांना ते आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठते आणि आत्महत्येचा धोकाही वाढवते. (आजार उफाळला की दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप उडते, चिडचिड होते, ते वेगळेच.)

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने या आजाराला दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली आहे. आता इंदूरमधील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, दर तपासणीत रुग्णाला चालून दाखवायला सांगताना त्याची झोप, उमेद आणि जगण्याची इच्छा यांचीही विचारपूस करावी, आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी.

– एक वाचक, रामबाग, इंदूर