बाळ्यास पत्र: मॉर्डिन, टाली आणि शेंगदाण्याचा कूट

लातूर,
येळवशीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. आईचे गुडघे जुनेच, आबांचं बीपी गोळीवर. झालं.

दिवाळीपासून तुझे मेसेज तसेच पडलेत ते माहीत आहे. सांगायचं होतं ते दोन ओळींत मावत नव्हतं आणि अर्धवट सांगितलं असतं तर तू हसला असतास. आता हसायचं तर हस. प्राजक्ताला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

परत वाच. शेंगदाण्याची. आणि सोयरीक कुठं जुळली, तर आमच्या घरात, जिथं वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, एकादशीला तर आमटीच दाण्याची, आणि पाहुणा उठायच्या आत त्याच्या हातावर दाण्याचा लाडू. तेल लाकडी घाण्याचं, आईच्या अभिमानाचं. रिफाइंड तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून गेलेली असतात, घाण्याच्या तेलात ती राहतात, हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग चांगलंच की, प्रथिनं तर पाहिजेतच.

दुसऱ्या कुणाला सांगितलं की तो म्हणतो, मग नका घालू कूट, हाय काय त्यात. तू तसं म्हणणार नाहीस. तुझ्या डोक्यात आधी मॉर्डिन, आपल्या गेममधला तो डॉक्टर, बोलायला लागेल. मला तेच पाहिजे आहे.

उस्मानपुऱ्याच्या खोलीवरचं २०१० साल आठव. मास इफेक्ट गेमचा दुसरा भाग नुकता आला होता, माझ्या कॉम्प्युटरचा पंखा थ्रेशरसारखा वाजायचा आणि तू नायक म्हणून बाई शेपर्ड घेऊन त्या टर्यन गॅरसच्या मागं लागला होतास. पोरांनी तुला महिनाभर 'वहिनी' म्हटलं. मग मॉर्डिन येऊन गंभीर तोंडानं बजावतो की टर्यनच्या अंगातलं काही पोटात जाऊ देऊ नका, अ‍ॅनाफिलॅक्टिक शॉक येऊ शकतो, म्हणजे जिवावर बेतणारा झटका. त्या एका वाक्यावर आपण रात्र काढली होती. मी म्हणालो, हे शास्त्रात बसत नाही. टर्यन आणि क्वेरियन, गेममधल्या या दोन परग्रही जाती, उजव्या अमिनो आम्लांच्या, आपण डाव्या; प्रथिनांच्या विटा त्याच, पण आरशातल्यासारख्या उलट्या. उजवं प्रथिन आपल्या पोटात गेलं तर आपल्या पाचकरसांना ते नीट कापताच येत नाही. कापलं नाही तर त्याचे तुकडे करून पांढऱ्या पेशींना दाखवणार काय? आणि दाखवलंच नाही तर अ‍ॅलर्जी कशाची? उपाशी राहशील, पोट बिघडेल, शॉक कशाला येईल? तू म्हणालास, मॉर्डिन डॉक्टर आहे, तू कोण? आणि चादर ओढून झोपलास. हा तुझा युक्तिवाद.

(त्याच आठवड्यात तू माझ्या सेव्हवर बसून, जहाजाची ढाल न सुधारता, शेवटच्या मोहिमेवर गेलास आणि टाली, ती सूटमधली क्वेरियन पोरगी, मेली. माझी टाली. वर सेव्ह पुसून ठेवलास. लग्नात तू माझ्याशेजारी उभा राहणार असलास तरी हे मिटलेलं नाही.)

तर मुद्दा असा की ते भांडण मीच जिंकलो होतो. उजव्या अमिनो आम्लांची प्रथिनं प्राण्यांना टोचून पाहिलेली आहेत, शरीर त्यांच्याविरुद्ध फारसं उठत नाही. आणि २०२४ च्या डिसेंबरात अडतीस शास्त्रज्ञांनी मिळून 'सायन्स'मध्ये लिहिलं की आरशातल्यासारखे उलटे जिवाणू कुणी बनवू नयेत. भीती हीच, की आपली प्रतिकारशक्ती त्यांना नीट ओळखणार नाही आणि ते ग्लिसरॉलसारख्या, ज्यांना डावं-उजवं नसतं अशा गोष्टींवर वाढत राहतील. हे उलटं वाच: आपले साधे जिवाणू टालीच्या अंगात गेले तर त्यांचंही तसंच होईल. म्हणजे जंतू अडवणारा तिचा तो बंद सूट अगदी बरोबर आहे. गेमवाल्यांनी क्वेरियनांच्या दुबळ्या प्रतिकारशक्तीचं कारण त्यांच्या रॅनोक ग्रहावर उपद्रवी जंतू कमी आणि पुढं जन्मभर निर्जंतुक जहाजात राहणं असं दिलंय, ते ठेव बाजूला, त्याशिवायही तिला सूट लागलाच असता.

वर्गात हाच धडा मी पुदिन्यानं सुरू करतो. पुदिन्याचा वास आणि बाळंतशोपाचा वास, रेणू एकच, कार्व्होन, फक्त एक डावा आणि एक उजवा. नाकाला लगेच कळतं. मग पाश्चरनं १८४८ मध्ये चिमट्यानं स्फटिक निवडून डावे-उजवे वेगळे केले ते सांगतो. नीटवाली पोरं लिहून घेतात आणि 'हे येतं का परीक्षेला' विचारतात. प्राजक्ताच्या पर्समध्ये लेव्होसेटिरिझिनची पट्टी असते, सेटिरिझिनचा डावा भाऊ. ती गोळी खाज थांबवते, जीव वाचवत नाही. जीव वाचवतं ते तिच्या कंपासपेटीत असतं: अ‍ॅड्रेनॅलिनची अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज.

भाजलेल्या दाण्याची प्रथिनं कच्च्यापेक्षा अँटिबॉडींना जास्त घट्ट चिकटतात आणि आपण तर कूट भाजूनच करतो. पण मला खरा त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा. शेंगदाण्यातलं प्रथिन, ते अ‍ॅरा एच २ वगैरे, आपल्याच बाजूचं आहे. डावं. तिच्या शरीराला ते स्वच्छ वाचता येतं, म्हणून तर ते त्याच्यावर तुटून पडतं. गॅरस आणि शेपर्ड एका ताटात जेवले तर कदाचित काहीही होणार नाही. मी आणि प्राजक्ता, औसा आणि परभणी, भाषा एक, ज्वारी एक, कुलाचार जवळजवळ एक, आणि आम्हाला जमत नाही.

आता येळवस, आपली वेळा अमावस्येची रानातली पंगत.

आईनं फोन करून तिला बोलावलं होतं. लग्नाआधी येऊ नये असं काकू म्हणाली, आई म्हणाली, येळवशीला परका माणूससुद्धा रानात जेवतो, ही तर सून. अ‍ॅलर्जीचं मी दिवाळीतच सांगितलं होतं. आईच्या लेखी ती अ‍ॅलर्जी कारलं न खाणाऱ्या पोराच्या अ‍ॅलर्जीसारखी. तरी तिनं कबूल केलं की पोरगी भज्जी, म्हणजे येळवशीची ती मिसळीची भाजी, खाणार नाही, कारण भज्जीत दाणे असतातच. प्राजक्ता डबा घेऊन आली. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आबा पाणी शिंपडत फिरले, सगळं नेहमीसारखं. ती म्हणाली, आंबील मात्र पिणार, ज्वारीचं पीठ आणि ताक, त्यात काय असतं. आई खूश. आंबिलीच्या मडक्यात भज्जीची पळी कधी गेली हे कुणालाच दिसलं नाही. चाळीसेक माणसं, पोरं, वाढप्यांची घाई.

आधी तिनं ओठ चावला. मग गळ्याला हात लावून म्हणाली, "अनिल, कंपास." आवाज बसलेला. मी उठेपर्यंत तिनं स्वतःच सिरिंज भरली आणि सलवारीवरूनच मांडीत खुपसली. मग सतरंजीवर आडवी झाली, पाय ज्वारीच्या पोत्यावर ठेवले आणि मला म्हणाली, "गाडी काढ, पळू नकोस, चावी कुठंय ते आठव." आई तिचे तळवे चोळत बसली होती. काकू म्हणाली, लहानपणी शेंगा चारल्या नसतील पोरीला. बाळ्या, त्यातही थोडं तथ्य आहे ही चीड येण्यासारखी गोष्ट आहे. २०१५ साली लंडनच्या एका अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा चारला तर ही अ‍ॅलर्जी बरीच कमी होते असं निघालं. पण प्राजक्तानं लहानपणी दाणे खाल्ले होते. परभणीचं घर, कोण सोडतंय.

रस्त्यात उतार पडला. तरी दवाखान्यात थांबवून घेतात, कारण काही तासांनी परत झटका येऊ शकतो. रात्री तिथल्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं: उस्मानपुरा, मॉर्डिन, तू, टाली. तिनं विचारलं, "म्हणजे मी टाली?" मी म्हणालो, नाही, तू शेपर्ड, आम्ही सगळे टर्यन. आमच्या अंगातलं पोटात जाऊ द्यायचं नाही. ती इतकी हसली की नर्स बघायला आली.

तो विषयसुद्धा आहे, तुला विचारायची लाज वाटते पण तूच विचारशील. दाणे खाऊन लगेच जवळ जायचं नाही. दात घासून भागत नाही. काही तास जाऊ द्यायचे आणि मध्ये दाण्याविना एक जेवण करायचं, म्हणजे लाळेतला अंश जवळजवळ जातो. हे मी मॉर्डिनच्या आवाजात वाचलं. तूही वाच.

आता घराचं ऐक. आईनं दुसऱ्याच दिवशी कुटाचा डबा गोठ्याकडच्या शेजाऱ्याला देऊन टाकला, मिक्सरचं भांडं बदललं, पाटा राखेनं घासला. तेल करडईचं आणलं. येईल त्याला दारातच विचारते, खिशात शेंगा हायत का. परवा आबा रानातून आले तर तिनं त्यांना आधी चूळ भरायला लावली. आबा जन्मात कधी कुणापुढं वाकले नाहीत, ते आता चटणी आखाड्यावर लपवून ठेवतात आणि भाकरीबरोबर तिथंच खाऊन येतात. मला दिसलं. मी काही बोललो नाही, दोन घास मीपण खाल्ले.

प्राजक्ताला हे कळलं (आईनंच कौतुकानं सांगितलं) आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, लग्नानंतर लातुरात खोली घेऊ. स्वतंत्र स्वयंपाक. सणाला मी डबा घेऊन गावाकडं येईन. "मला तुमचं अख्खं घर सूटमध्ये घालायचं नाही." आईला यातलं एकच ऐकू आलं: सून वेगळी राहणार. तिला वाटतं आपण एवढं केलं तरी पोरगी घाबरली. प्राजक्ताला वाटतं आपल्यामुळं म्हातारा माणूस चोरून जेवतोय. आणि मी दोघींच्या मध्ये मिक्सरचं नवं भांडं धरून उभा.

तुला खरं सांगू, मला आईच्या भीतीची भीती वाटते. आज ती राखेनं पाटा घासते. दोन वर्षांनी पंगतीला, मंगळागौरीला, बाहेरची वाढपी बाई आली की? शेजारून प्रसाद आला की? भीतीवर चाललेलं घर किती दिवस चालतं? आणि वेगळं राहिलो तर आबा-आई दोघंच त्या वाड्यात, माझे क्लास रात्री नऊला सुटतात, गावाकडं जाणं आठवड्यातून एकदा. धाकटा पुण्यात. तू म्हणशील दत्ताचं बघ. दत्ताची गोष्ट वेगळी, त्याची बायको आणि आई एकमेकींना तशाही चालत नव्हत्या. इथं चालतं रे. दोघी एकत्र बसून माझ्यावर हसतात.

आणि एक. येळवशीपासून मी तिचं ताट बघत बसतो. हॉटेलात वेटरला तीनतीनदा विचारतो. परवा ती चिडली: "माझं मोजमाप मला करू दे." मला टालीचं ते आठवलं, सूट काढायच्या आधी तीच अभ्यास करते, अँटिबायोटिक घेते, नंतर ताप-खोकला-सर्दी सगळं होतं आणि वर म्हणते, परवडलं. शेपर्डला त्यात कुणी विचारत नाही. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. आता मी शेपर्डच्या जागी आहे आणि मला झोप येत नाही.

तुझं मत खोलीच्या बाजूनं असणार हे मला माहीत आहे, तू स्वतः म्युनिकला पळालास. तरी लिही. कारणासकट लिही, 'मॉर्डिन डॉक्टर आहे' हे कारण धरणार नाही.

तुझी जर्मनची बी२ परीक्षा झाली म्हणे, अभिनंदन. वहिनींची नोकरी पक्की झाली का? पिल्लूचे फोटो आईला दाखवले, ती म्हणाली वाळलंय, तूप पाठवते. पाठवू नको म्हणून सांगितलंय.

काम असं आहे. अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन असतं, सुई आत, मांडीवर दाबलं की झालं. लातुरात चार दुकानं फिरलो, मिळालं नाही. अ‍ॅम्प्यूल फोडून सिरिंज भरणं तिला येतं, आईला येणार नाही, मलाही त्या क्षणी येईल असं वाटत नाही. तिकडं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. तिचे रिपोर्ट पाठवतो, तुझ्या डॉक्टरला विचार, इकडची चिठ्ठी चालते का ते बघ. मोठ्या माणसाचा डोस, दोन पेनं, आणि संपायची तारीख लांबची बघून घे, ती फार टिकत नाहीत. एक लातूरला राहील, एक गावाकडं आईच्या कपाटात. खोली घेतली काय, न घेतली काय, दोन लागतीलच.

गुरुवारी रात्री क्लास सुटल्यावर फोन करतो. तुझ्याकडं तेव्हा पाच वाजत असतील, ऑफिसात असलास तरी उचल.

तुझा,
अन्या