टाकळ्यावर औषध मारताय, निदान पाटी तरी लावा

मा. संपादक, स. न.

पाऊस सुरू झाला की सगळीकडे रानभाज्यांचे लेख येतात, फोटो येतात, मी तर कात्रणं काढून ठेवते. पण या भाज्या शहरात नक्की कुठे उगवतात आणि त्यांच्यावर काय मारलेलं असतं याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी बदलापूरला राहते. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून मोकळा पट्टा आहे, तिथे जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की टाकळा वर येतो, मग कुरडू, आघाडा. टाकळा मला सासूबाईंनी ओळखायला शिकवला. पानांच्या तीन जोड्या असतात, चुरगळलं की उग्र वास येतो आणि संध्याकाळ झाली की पानं हात जोडल्यासारखी मिटतात. कोवळा असतानाच खुडायचा, मोठा झाला की निबर होतो. भरपूर कांदा, लसूण, वरून ओलं खोबरं, बास. सासूबाई म्हणतात पावसाळ्यात एकदा तरी टाकळा पोटात गेलाच पाहिजे, आणि आमच्या घरात तो जातोच.

गेल्या जुलैत मी नेहमीसारखा टोपलीभर खुडून आणला. धुवायला घेतला तर शेंडे पिळवटल्यासारखे, कडा पिवळ्या. आधी वाटलं पाणी साचल्यामुळे असेल, पण मन मानेना म्हणून खाली वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, ताई परवाच गवतावर औषध मारलंय. सगळी भाजी फेकून दिली. माझं लक्ष गेलं म्हणून, नाहीतर सासूबाईंना आता नीट दिसत नाही, त्यांनी निवडली असती तर तीच ताटात आली असती, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आणि हे फक्त आमच्या भिंतीपुरतं नाही हो. स्टेशनबाहेर ज्या आदिवासी बायका वाटे लावून बसतात त्यांच्याकडून मी जूनमध्ये शेवळं घेते, त्या सोबत काकडं, म्हणजे छोटी आंबट फळं, देतात आणि न विसरता बजावतात की आतला पिवळा भाग काढून टाक आणि काकडांचा रस घातल्याशिवाय शिजवू नको, नाहीतर घसा खाजेल. भारंगीची पानं उकळून पाणी पिळून टाकायचं, फोडशीचा पांढरा दांडा काढायचा, हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. पण तणनाशक मारलेलं पान त्यांनी तरी कसं ओळखायचं? पहिले एक-दोन दिवस ते पान हिरवंगारच दिसतं. त्यातली एक मला म्हणाली, रस्त्याकडेचं आता आम्ही घेतच नाय, लांब चालत जातो.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारावं असं म्हटलं होतं. आमच्याकडे मात्र एक पोरगा पाठीला पंप अडकवून, हातात ग्लोव्हज नाही तोंडाला फडकं नाही, असा मारत फिरतो. डब्यात नक्की काय आहे ते त्यालाही माहीत नसतं, मी विचारलंय.

कोणी म्हणेल एवढी हौस आहे तर कुंडीत लावा. लावलंय की. गवती चहा आहे, तुळस आहे, पानओवा तर खिडकीतून बाहेर लोंबतोय, त्याची भजी पोरं मागून खातात आणि सर्दी झाली की तेच पान तव्यावर गरम करून त्याचा रस मधात घालून देते. पण टाकळा कोण कुंडीत लावतं, तो आपला आपण येतो. आणि श्रावणात जिवतीसाठी आघाडा खुडायला बिल्डिंगमधल्या पोरी त्याच पट्ट्यात जातात, उघड्या हातांनी.

माझं म्हणणं एवढंच आहे की सोसायटी असो नाहीतर नगरपालिका, पावसाळ्यात गवत कापा, विळा किंवा कटर मशीन वापरा, वेळ लागेल पण होतं. आणि मारायचंच ठरवलं असेल तर आधी गेटवर आणि त्या जागेवर मराठीत पाटी लावा, कुठलं औषध, कोणत्या तारखेला मारणार, किती दिवस इथलं पान तोडायचं नाही. आमच्या कमिटीला मी हे लेखी दिलंय, अजून उत्तर नाही. ९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तिथेही हा विषय कोणीतरी काढावा. पट्ट्यात यंदा पुन्हा टाकळा आलाय, चार बोटं वर, आणि मी तो अजून खुडलेला नाही.

आपली एक वाचक,
बदलापूर (पूर्व)